ज्याची नोंद, त्याचंच नुकसान

२०२०-२१ मध्ये महाराष्ट्राची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसेल, असं राज्याच्या आर्थिक पाहणीने सांगितलं, तेव्हापासून हा आकडा दोन्ही बाजूंच्या खिशात आहे. लॉकडाऊनने राज्याचं वाटोळं केलं म्हणणारा तो काढून दाखवतो: बघा, ८ टक्के! लॉकडाऊनने राज्य वाचवलं म्हणणाराही तोच काढतो: बघा, ८ टक्केच! दोघांनाही पुरून उरणारा इतका गुणी आकडा अलीकडे पाहण्यात नाही.

टीव्हीवरचा वाद कधीच आटोपला. तिथले तज्ज्ञ पुढच्या विषयाचे तज्ज्ञ झाले. पण पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकलं की डाळजच्या आसपास तो अजून जिवंत आहे. निवडणूक असो, दुधाचा दर पडलेला असो किंवा नुसताच पाऊस लांबलेला असो, चहाच्या दुसऱ्या कपाला कुणीतरी म्हणतंच, "त्या लॉकडाऊनपासनं जे बसलं ते उठलंच न्हाय बघा." लगेच समोरून येतं, "आन् केलं नसतं तर तू उठून बसला असतास का?" मग तासभर गिऱ्हाइकाकडे बघायला कुणी मोकळं नसतं.

डाळज एक नाही, तीन आहेत. नं. १, नं. २, नं. ३. सोलापूरकडे तोंड केलं की डाव्या हाताला उजनीचा फुगवटा, उजव्या हाताला ऊस, डाळिंब आणि गोठे, मधून चारपदरी रस्ता. उजनी झालं तेव्हा भीमाकाठच्या या पट्ट्यातली गावंच्या गावं उठली आणि वर येऊन बसली. राज्याच्या भल्यासाठी थोडं सोसायचं असतं, हे इथल्या माणसाला काही २०२० मध्ये पहिल्यांदा सांगितलं गेलं नाही. त्याला ऐकायची सवय आहे.

वादाला ही जागा बरी. आर्थिक पाहणीतले निम्मे रकाने इथं पायी फिरून बघता येतात. पिकं आहेत, दुभती जनावरं आहेत, मासे आहेत, वाहतूक आहे, हॉटेलं आहेत. फक्त रकाना आणि माणूस यांची गाठ पडत नाही.

मार्च २०२१ मध्ये पाहणी सभागृहात आली. उद्योग उणे ११.३ टक्के, सेवाक्षेत्र उणे ९ टक्के, आणि शेती व संलग्न क्षेत्रं अधिक ११.७ टक्के. त्यात पिकं १६.२, पशुधन ४.४, मत्स्यव्यवसाय २.६. बळीराजाने राज्याला तारलं, असं सगळ्यांनी एकमुखाने म्हटलं. बळीराजाचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्यावर सर्वपक्षीय एकमत लवकर होतं.

आता पशुधन ४.४ टक्के वाढलं म्हणजे काय, ते डाळजमधल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर जाऊन विचारा. मार्च २०२० च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला लिटरमागे ३० ते ३२ रुपये होते. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, मिठाईवाले बंद, लग्नं बंद. मे-जूनपर्यंत दर १८ ते २० वर आला. केंद्रावर मिळते ती वीतभर स्लिप बघा: तारीख, लिटर, फॅट, डिग्री, एसएनएफ, दर, रक्कम. मार्चची आणि मेची स्लिप शेजारीशेजारी ठेवा. लिटर तेच, फॅट ३.५ तीच, एसएनएफ ८.५ तोच, गायही तीच. बदललं ते फक्त दराचं घर. इथे दर दहा दिवसांनी "दुधाचा पगार" होतो. रोज १० लिटर घालणाऱ्याचा दहा दिवसांचा पगार ३ हजारांवरून १८०० वर आला. पेंडीच्या पोत्याने मात्र टाळेबंदी पाळली नाही, ते आपल्या दराने येत राहिलं.

मग ४.४ टक्के वाढ कुठली? ती खरी आहे. खोटं कुणी लिहिलेलं नाही. राज्याचं उत्पन्न वाढलं की घटलं, हे सांगताना सांख्यिकीवाले 'स्थिर किमती' धरतात. २०२० सालचं दूधही तेव्हा २०११-१२ च्या भावाने मोजलं. महागाईने फुगलेले आकडे गाळून माल खरोखर किती निघाला ते कळावं, हा त्यातला हेतू, आणि हेतू चोख आहे. पण त्याचा अर्थ असा की गाईने धार द्यायची थांबवली नाही, तोवर पशुधन क्षेत्र प्रगतिपथावर. दूध ३० ने गेलं काय, १८ ने गेलं काय आणि आंदोलनात रस्त्यावर ओतलं काय, लिटर भरले की वाढ झाली. गाईला लॉकडाऊन कळला नाही, हे राज्याच्या अर्थव्यवस्थेचं केवढं भाग्य!

टक्क्यांची आणखी एक गंमत या पट्ट्यातल्या पोरांना तोंडपाठ आहे. ३० चे १८ झाले, घट ४० टक्के. १८ चे परत ३० झाले, वाढ जवळजवळ ६७ टक्के. म्हणजे जिथे होतो तिथेच येऊन उभं राहिलं तरी भाषणात २७ टक्के शिल्लक उरतात. पुढच्या वर्षीच्या पाहणीने राज्याची वाढ १२.१ टक्के होईल म्हणून सांगितलं तेव्हा काही मंडळींनी छाती फुगवली. १०० चे ९२ आणि ९२ वर १२.१ टक्के म्हणजे १०३. दोन वर्षांत ३. गावातल्या भिशीतसुद्धा याहून बरं सुटतं.

दुधासाठी सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. रोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायची योजना एप्रिल २०२० मध्येच आली. राज्यात रोजचं संकलन कोटी लिटरच्या घरात, त्यामुळे योजना दर दहा लिटरांतल्या एकाची. तीही सहकारी संघांमार्फत. इंदापूर-बारामतीचं बरंचसं दूध खाजगी डेअऱ्यांच्या टँकरमध्ये जातं. गाय सहकारी आणि टँकर खाजगी, अशा संकरित दुधाचं काय करायचं हे शासन निर्णयात लिहिलेलं नव्हतं. इकडे भुकटीचे ढीग लागलेले असताना जूनच्या अखेरीस केंद्राने १० हजार टन दूध भुकटी १५ टक्के शुल्काने बाहेरून आणायला परवानगी दिली. राज्य भुकटी करत होतं, केंद्र भुकटी आणू पाहत होतं, दोघंही दूध उत्पादकाच्या पाठीशी खंबीरपणे उभे होते.

पिकांच्या १६.२ टक्क्यांकडे येऊ. २०१८ चा दुष्काळ आणि २०१९ चा पूर यांनी ऊस मारला, २०१९-२० च्या हंगामात राज्यात साखर झाली ६२ लाख टनांच्या आत. पुढे पाऊस चांगला झाला, उजनी भरलं, २०२०-२१ मध्ये साखर १०६ लाख टनांवर गेली. ही किमया पावसाची. त्यात ना सरकारचा हात, ना विरोधकांचा पाय. तरी लॉकडाऊनच्या काळात शेतीने भरारी घेतली, हे वाक्य अजून भाषणात सुखरूप आहे.

ऊस अत्यावश्यक होता, म्हणून कारखाने चालू राहिले. ऊस तोडणारा अत्यावश्यक होता का, याबद्दल शंका होती. २३ मार्चला राज्यात जमावबंदीची संचारबंदी झाली, जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या, आणि बीड-नगरकडची जोडपी पाचटाच्या कोपींत फडाजवळ अडकली. गावाकडे जायला परवानगी निघाली १७ एप्रिलला. ३८ कारखान्यांवरची १ लाख ३१ हजार माणसं, असा सरकारी आकडा होता. इतकी माणसं राज्यात आहेत, याची एवढी नेमकी मोजणी एरवी होत नाही. ती झाली, कारण त्यांना हलवायचं होतं. मधल्या काळात उसाच्या मळीपासून काही कारखाने सॅनिटायझर करू लागले. त्यावर जीएसटी १८ टक्के. हात धुतला तरी हिशेब चुकत नव्हता.

मासे २.६ टक्क्यांनी वाढले. ते वाढणारच. भिगवणचा मासळी बाजार बंद, लिलाव बंद, व्यापारी नाही. उजनीतल्या चिलापीला इतका निवांतपणा धरण बांधल्यापासून मिळाला नसेल. शिवाय हा फुगवटा म्हणजे मोठा प्रशासकीय चमत्कार आहे. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा, पलीकडचा करमाळ्याचा म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा, वरच्या अंगाला कर्जत म्हणजे तेव्हाचं नगर. जिल्हाबंदीची रेघ पाण्यावरून नेमकी कुठून जाते, हे माशालाही ठाऊक नव्हतं आणि तलाठ्यालाही. ई-पास मोटारीला होता, होडीला नव्हता. हिवाळ्यात आलेले रोहित पक्षी त्या उन्हाळ्यात फोटो काढणाऱ्यांवाचून परत गेले. त्यांना होडीतून फिरवून आणणाऱ्याची मार्च-एप्रिलची कमाई कुठल्या रकान्यात घालायची, मासे की पर्यटन, असा प्रश्न पडायला नको म्हणून ती कुठेच घातली गेली नाही.

आता ढाबा. इथे जरा बसू, कारण वादाचं मूळ इथे आहे.

१५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय आदेशात एक ओळ होती: ठरावीक अंतर राखून महामार्गावरचे ढाबे आणि ट्रक दुरुस्तीची दुकानं २० एप्रिलपासून चालू करता येतील. दिल्लीतून बघितलं तर ढाबा उघडला. डाळजमधून बघितलं तर मालक कुलूप काढून दारात उभा, भटारखान्यात कुणी नाही. आचारी उत्तर प्रदेशातला, तंदूरवाला बिहारचा, वाढपी कलबुर्गीकडचा. जे निघू शकले ते निघाले होते, ज्यांना वाहन मिळालं नाही ते याच रस्त्याने चालत गेले. अत्यावश्यक मालाचे ट्रक धावत होते, पण ड्रायव्हर केबिनच्या सावलीला स्टोव्ह पेटवून स्वतःच भात शिजवत होता. ढाबा चालू, गिऱ्हाईक चालू, जेवण बंद. वीजबिल मात्र आलं. उद्योग-व्यापाऱ्यांना स्थिर आकाराची सवलत मिळाली होती, ती तीन बिलांपुरती पुढे ढकलायची. माफ करायची नव्हे. पुढे ढकललेली वस्तू पुढे भेटते, हे तीन महिन्यांनी कळलं.

बसून जेवायला परवानगी मिळाली ५ ऑक्टोबर २०२० ला, निम्म्या क्षमतेने. इथल्या ढाब्यांवर बाजा टाकलेल्या असतात. बाजेची निम्मी क्षमता म्हणजे किती, यावर त्या दिवशी एका ढाब्यावर पोलीस आणि मालक यांचं जे संभाषण झालं ते छापण्याजोगं नाही. सार एवढंच की एक माणूस बसला तर ५० टक्के आणि आडवा झाला तर १०० टक्के, असं तडजोडीने ठरलं.

या ढाब्याचं नुकसान 'उणे ९ टक्के'मध्ये धरलंय का? धरलंय म्हणे. कसं, ते ऐका. वहीवर चालणाऱ्या, नोंदणी नसलेल्या धंद्यांचा हिशेब तेव्हा दरवर्षी कुणी जाऊन करत नव्हतं. २०१०-११ मध्ये एक देशव्यापी पाहणी झाली होती, तिच्यावरून पुढची वर्षं ताणत न्यायची पद्धत होती, आणि ताणायला आधार घ्यायचा संघटित धंद्यांच्या चालीचा. ज्यांचे ताळेबंद असतात ती मोठी हॉटेलं जितकी खाली गेली, तितकाच साधारण आपला बाजेवाला खाली गेला, असं समजायचं. ज्याने २०१४ मध्ये पत्रे ठोकून ढाबा टाकला, तो तर पाहणीच्या वेळी जन्मालाच आलेला नव्हता. आणि जो २०२० मध्ये कुलूप लावून एमआयडीसीत वॉचमन म्हणून लागला, त्याचं मरण सांख्यिकीला अजून कळलेलं नसावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: राज्याचं किती नुकसान झालं, हा वाद ज्या कागदांवरून चालतो त्यांत आधीपासून नाव असलेल्यांचंच नुकसान आहे. ज्याचं जीएसटी रिटर्न चुकलं त्याचं नुकसान सरकारला कळलं, कारण ते सरकारचंही होतं. ज्याने कधी रिटर्न भरलंच नाही, त्याचं चुलाणं विझलं तरी महसुलात एक पैसा कमी झाला नाही. त्याने कशाला बोंबलावं?

सरकारचं स्वतःचं नुकसान मोठं होतं, त्यात वाद नाही. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात महसुली जमेचा अंदाज ३ लाख ४७ हजार कोटींचा होता, सुधारित अंदाज आला २ लाख ८९ हजार कोटींवर. तेव्हाचे अर्थमंत्री बारामतीचेच, अजित पवार. डाळजहून तासाभराच्या आतलं अंतर. ४ मे २०२० ला आदेश निघाला: विकासकामांवर यंदा ३३ टक्केच खर्च, नवी कामं नाहीत, नवी भरती नाही. त्याच ४ मेला राज्यात दारूची दुकानं उघडली. एका हाताने कामं बंद आणि दुसऱ्या हाताने बाटली खुली, असं विरोधक म्हणाले. मी म्हणेन, हा राज्यातला सर्वात प्रामाणिक आर्थिक दस्तावेज होता. राज्य कशावर चालतं हे एका दिवसात कळलं.

मार्च २०२० चा पगारही टप्प्यांत झाला. मंत्री-आमदारांचा ६० टक्के, अ आणि ब वर्गाचा ५०, क वर्गाचा २५ टक्के मागे ठेवला, ड वर्गाला पूर्ण दिला. गदारोळ झाला, तेव्हा कपात नाही, फक्त टप्पे आहेत, असा खुलासा आला. दुधाच्या पगारातले १२ रुपये दुसऱ्या टप्प्यात कधी मिळणार, असं डाळजच्या चहावर एकाने विचारलं होतं. त्याला बाकीचे हसले. प्रश्न तसा बावळटच होता.

मग केंद्र-राज्य भांडण. जीएसटी घेताना वचन होतं, पाच वर्षं दरसाल १४ टक्के वाढ धरून तूट भरून देऊ. २७ ऑगस्ट २०२० ला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी महामारी ही देवाची करणी असल्याचं सांगितलं. देवाच्या नावावर तूट टाकल्यावर देव परिषदेचा सदस्य नसल्याने खुलासा करू शकला नाही. शेवटी केंद्राने राज्यांसाठी १ लाख १० हजार कोटींचं कर्ज काढलं आणि ते फेडायला उपकर २०२६ पर्यंत लांबवला. भरपाई मिळाली, ज्याने ती पुढे भरली त्यालाच.

दोन्ही सरकारं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, असं मात्र कुणी समजू नये. महामार्गावरच्या पंपावर त्यांचं छान जमलं. जगात कच्चं तेल मातीमोल झालं, अमेरिकेत तर २० एप्रिलला भाव शून्याखाली गेला. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला, १ जूनपासून राज्याने आपले २-२ रुपये वर ठेवले. जीएसटीवर भांडणारे दोघे डिझेलच्या नोझलला हात लावून भावंडं झाले. मार्चच्या अखेरीस टोलही माफ होता, रस्त्यावर गाड्या नव्हत्या तोवर. २० एप्रिलला गाड्या दिसू लागल्या, टोल सुरू झाला. त्या वर्षी तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, बारामती-इंदापूरच्या मुक्कामांचा बाजार बुडाला. तो किती होता ते सांगायला कुणाकडे वही नव्हती, त्यामुळे तो बुडालाच नाही.

विरोधकांनी २२ मे २०२० ला काळे कपडे घालून अंगणात उभं राहायचं आंदोलन केलं. अंगण हेच रणांगण, अशी घोषणा. मागणी राज्याच्या पॅकेजची. दिल्लीचं पॅकेज त्याआधी दहाच दिवस २० लाख कोटींचं जाहीर झालं होतं, त्यातलं कर्ज वगळून हातात काय पडलं हे विचारायला त्यांच्या अंगणात जागा नव्हती. डाळजमध्ये अंगणात गाय बांधलेली असते. तिला रणांगण मानवत नाही, दूध चोरते.

दुसऱ्या लाटेत राज्याने शहाणपण दाखवलं. १३ एप्रिल २०२१ ला निर्बंध जाहीर करतानाच ५४०० कोटींची मदत जाहीर झाली. शिवभोजन थाळी महिनाभर मोफत, रेशनवर ३ किलो गहू, २ किलो तांदूळ. आणि १५०० रुपये रोख: नोंदणीकृत बांधकाम मजुरांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, परवानाधारक रिक्षावाल्यांना. विशेषणं नीट वाचा. डाळज ते इंदापूर वडाप चालवणारा परवानाधारक नाही, परवाना नसणं हाच त्याचा परवाना. महामार्गावर पंक्चर काढणारा फेरीवाला नाही, तो एका जागी बसतो. ढाब्याचा आचारी, मासे साफ करणाऱ्या बाया, डाळिंबाची छाटणी करणारी टोळी, मंडपवाला, बँजोवाला, यांना नोंदणीकृत होण्याची खिडकी कुठे असते हेच सांगितलेलं नव्हतं. वडापवाला म्हणाला, "आमचं नुकसान बी बेकायदेशीर हाय, साहेब."

ज्यांचे कागद चोख, त्यांना सरकार धावून गेलं. सप्टेंबर २०२० पासून शहरांत घरखरेदीचं मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ वर आणलं. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना प्रीमियममध्ये निम्मी सवलत. नोव्हेंबर २०२१ मध्ये विलायती स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५०. अर्थचक्राला चालना द्यायची तर चाक फिरतंय तिथेच वंगण घालावं, हे तत्त्व म्हणून ठीक आहे. घरं विकली गेली, महसूल आला, तेही खरं. पण टॉवरच्या तेराव्या मजल्याला दिलेली सवलत खाली झिरपत झिरपत डाळजच्या गोठ्यापर्यंत यायला किती वर्षं लागतात, याचा अंदाज एखाद्या समितीने काढावा.

आता 'लॉकडाऊन करायलाच नको होता' वाल्यांसाठी दोन शब्द. यात बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांच्यासारखे थेट बोलणारे उद्योगपती होते, त्यांनी जून २०२० मध्येच सांगितलं की साथीचा आलेख सपाट करायचा होता, आपण जीडीपीचा केला. वाक्य टाळ्यांचं आहे. पण एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी इंदापूर, बारामती, पुणे असे फोन फिरत होते तेव्हा माझ्या ओळखीतला एकही लॉकडाऊनविरोधक विरोध करत नव्हता, तो व्हेंटिलेटर शोधत होता. सक्ती नसती तरी माणसं घाबरून घरात बसली असती आणि ढाबा रिकामाच राहिला असता, हा मुद्दा मला पटतो. बंदी घातली म्हणून सरकारला झोडपण्यात मला रस नाही. बंदीचं बिल फाडताना ते कुणाच्या नावावर फाडलं, त्याचा हिशेब मागतोय. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी', फेब्रुवारी २०२१ मध्ये 'मी जबाबदार'. जबाबदारी राज्याकडून कुटुंबाकडे आणि कुटुंबाकडून एकट्याकडे अशी सहा महिन्यांत सरकत आली. खाली सरकवायला पुढे कुणी उरलं नाही, तेव्हा निर्बंध उठले.

नोंदणीचा प्रश्न मात्र सरकारने मनावर घेतला. २६ ऑगस्ट २०२१ ला केंद्राचं ई-श्रम पोर्टल आलं. दुसरी लाट ओसरून गेली होती, त्यामुळे गर्दी न होता नोंदणी करणं सोयीचं झालं. ढाब्याच्या आचाऱ्याने कार्ड काढलं, लॅमिनेट केलं, गणपतीच्या फोटोमागे ठेवलं. त्यावर बारा आकडी नंबर आहे. पुढची महामारी कधी येतेय याची तो वाट बघतोय, म्हणजे नंबर उपयोगात येईल.

जनावरांच्या बाबतीत काम जास्त पक्कं झालं. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, थेट खात्यात. अट एवढीच, गाईच्या कानात पिवळा बिल्ला हवा, बिल्ल्याचा नंबर पोर्टलवर चढवलेला हवा, आणि तो मालकाच्या आधारला जोडलेला हवा. डाळजमध्ये बिल्ले मारायला माणसं आली तेव्हा एका म्हाताऱ्याने गाईच्या शेजारी आपलाही कान पुढे केला. "माझाबी मारा की, चार साल झाली, माझं काय आलं न्हाय अजून." त्यांनी सांगितलं, तशी तरतूद नाही.